गिअरबॉक्सवर आळ

सिग्नल लाल झाला, गाडी थांबत आली आणि थांबता थांबता तिने एक गचका दिला. फार मोठा नव्हे. एखाद्याला भर सभेत उचकी लागावी आणि त्याने ती खोकल्यात लपवावी, तेवढाच. बायकोच्या मांडीवरची पाण्याची बाटली घरंगळत तिच्या पायाशी गेली. मागच्याने हॉर्न दिला नाही, पुढच्याने आरशात बघितलं नाही, म्हणजे जगाच्या हिशेबी काही घडलंच नव्हतं. तरीही कुणी विचारलेलं नसताना मी खुलासा केला. "गिअरबॉक्स," मी म्हणालो. बायको वाकून बाटली शोधत होती. "हो का," ती म्हणाली. सिग्नल हिरवा होईपर्यंत मी त्या 'हो का'पाशीच थांबून राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिचे दोन 'हो का' चांगले ओळखता येतात. एकाचा अर्थ 'पुढे सांगा' आणि दुसऱ्याचा 'पुरे करा'. हा तिसराच होता, आणि तो वाकलेल्या पाठीतून आला असल्यामुळे त्याचा चेहरा मला बघायला मिळाला नाही.

माझी नोकरी ड्रायव्हिंगची परीक्षा घेण्याची होती. उमेदीची सगळी वर्षं मी अनोळखी माणसांच्या शेजारच्या सीटवर घालवली, आणि तीही नेमकी अशा दिवशी, ज्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. पास झालेल्यांना माझा चेहरा आठवत नाही. नापास झालेल्यांना अजून आठवतो, काही जण तर रस्ता ओलांडून पलीकडे जातात. नापासांना मी फक्त 'पुन्हा या' म्हणायचो, म्हणून कचेरीत माझं नावच 'पुन्हा या' पडलं होतं. या नोकरीने मला एकच गोष्ट शिकवली. रस्ता बघायचा नाही, पाय बघायचे. चेहरा शिकवून तयार करता येतो, हात स्टिअरिंगला चिकटवून ठेवले की सभ्य दिसतात. पाय बिचारे खाली अंधारात असतात, आपल्याकडे कुणी बघतंय हे त्यांच्या गावीही नसतं, त्यामुळे ते खरं बोलून बसतात. ब्रेककडे निघालेल्या पायाच्या मनात शंका असली तर ती मला त्याच्या मालकाच्या आधी कळायची. तर त्या संध्याकाळी गचका बसल्यावर मी समोर बघितलं, आरशात बघितलं, बॉनेटकडे बघितलं, बाटलीकडेही बघितलं. खाली बघितलं नाही.

गाडीवर आळ घेणं सोपं होतं, कारण ती म्हातारी आहे आणि उलट बोलत नाही. दोन लाख किलोमीटरचा टप्पा तिने केव्हाच ओलांडला. दाराच्या रबरातून वारा शिट्टी घालतो, मागची काच आपल्या मर्जीने खाली येते आणि माझ्या मर्जीने वर जात नाही. गिअर मात्र आपोआप बदलतात. तरुणपणी मला ऑटोमॅटिक गाड्यांचा राग होता. गिअर न बदलता गाडी हाकणं म्हणजे न चावता जेवणं, असं मी नव्या परीक्षकांना ऐकवत असे. मग एक दिवस बायको म्हणाली, "माझ्या गुडघ्याला तो क्लच नको," आणि आमच्या घरात तत्त्वांचं जे नेहमी होतं ते झालं. या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की गिअरबॉक्समधलं ऑइल आजन्म बदलावं लागत नाही. मला ते फार आवडलं. आयुष्यात अशा फार थोड्या गोष्टी मिळतात ज्यांच्याबद्दल काहीच करायचं नसतं. इतकी वर्षं ते ऑइल आत होतं, तापत होतं, निवत होतं, काळं पडत होतं, आणि मी वर बसून जात-येत होतो. आता सिग्नलवर गचका बसला तेव्हा पहिल्यांदा त्या ऑइलचा विचार डोक्यात आला आणि मला इतकं हायसं वाटलं की विचारता सोय नाही. दोषी सापडला होता. तो आत बंद होता, काळा होता, आणि त्याला बदलता येत होतं.

ऑइल बदलता येतं, ही त्यातली मुख्य गोष्ट. कारण त्याच आठवड्यात आणखी एक किरकोळ प्रकार झाला होता. सकाळी मी बोळातून चालत स्वयंपाकघरात आलो, खुर्चीवर टेकलो आणि बघतो तर उजव्या पायात सपात नाही. ती मागे बोळाच्या मध्यावर पडली होती, तोंड माझ्याकडे करून, एखादं कुत्रं मालकाने हाक मारायची वाट बघतं तशी. सपात सुटली हे पायाने मला कळवलंच नव्हतं. खालच्या कचेरीने वरच्या कचेरीला कळवायचं असतं, अशी साधी रीत आहे. पण कागद वाटेत कुठेतरी अडकला होता. मी अंगठा हलवून बघितला. हलला. जरा विचार करून हलला, एवढंच. बायको ओट्याशी चहा गाळत होती. तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, बोळात गेली, सपात उचलून आणली आणि पायाशी ठेवली. बोलली काही नाही. डॉक्टरकडे जावं असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं, पण डॉक्टर माणसांचा असतो आणि बिघाड गाडीत होता.

बायको बोलली नाही यात विशेष काही नाही. तिचा तो पेशाच आहे. ती एका दवाखान्यात अर्धवेळ एक्स-रे काढते, अजूनही. तिथले लोक तिला सोडत नाहीत. एक्स-रे काढणाऱ्याला हाड मोडलेलं सगळ्यांच्या आधी दिसतं, पण सांगायची सोय नसते. माणूस टेबलावर पडून तिच्या तोंडाकडे बघत असतो, आणि ती म्हणते, "श्वास घ्या. धरा. सोडा." पुढचं ज्याचं त्याने डॉक्टरकडून ऐकावं. जन्मभर असं बघून गप्प राहिल्याने तिच्या चेहऱ्याला एक छान पॉलिश आलं आहे. दवाखान्याच्या दिवशी गाडी ती नेते. म्हणून त्या गचक्यानंतर एकदा मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला बसतो का गं गचका? सिग्नलला वगैरे?" तिने घास संपवला, पाणी प्यायली. "मी हळू चालवते," ती म्हणाली. हे उत्तर मी परीक्षेत ऐकलं असतं तर पेन खाली ठेवून म्हटलं असतं, बाई, जे विचारलंय ते सांगा. पण परीक्षक झालो तरी घरात भूक लागते, तेव्हा मी जेवत राहिलो.

पुढे दोन-तीन आठवडे गचका बसत राहिला. रोज नाही. मी त्याची वाट बघू लागलो की तो येत नसे. रेडिओवर काही बरं लागलं, मन जरा सैल झालं, की हजर. मग मी मेव्हण्याला फोन केला. बायकोच्या या भावाला ज्याची माहिती नाही असा विषय अजून सापडलेला नाही, शोध चालू आहे. "भावोजी, हात लावू नका," तो म्हणाला. "एवढ्या जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं नसतं. आतल्या प्लेटा झिजलेल्या असतात. त्यांचा जो चुरा ऑइलमध्ये उतरलाय ना, त्या घाणीनेच त्या एकमेकींना धरून आहेत. स्वच्छ ऑइल घातलंत की सुटल्या. माझ्या साहेबांच्या गाडीचं तसंच झालं. ऑइल बदललं, दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलेना." मी म्हटलं, "म्हणजे घाण आहे तोवर चालेल?" "छान चालेल. फक्त उघडून बघायचं नाही." तो फोनवर हसला. "तुमच्या-माझ्या संसारासारखं." मी त्याला सांगितलं की तुझ्या बहिणीला तुझं मत कळवतो, तेव्हा त्याने हवापाण्याची चौकशी सुरू केली.

त्या दुपारी मला नव्या बुटांचे आजोबा आठवले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून लायसनच्या नूतनीकरणाला आले होते. एका वयानंतर परीक्षा पुन्हा द्यावी लागायची. त्यांनी गाडी मागे घेताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, फार नाही, हाताच्या अंतराएवढी गाडी उडाली आणि कुंपणाच्या तारेला टेकून थांबली. ते घाबरले नाहीत. माझ्याकडे वळून अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाय नाही हो. बूट नवे आहेत." मी त्यांच्या बुटांकडे बघितलं. खरंच नवे होते. कचेरीत आलो तर त्यांची बायको बाकावर बसलेली. तिने आमचे चेहरे बघितले आणि मी काही बोलायच्या आत नवऱ्यालाच म्हणाली, "मी सकाळी म्हटलं होतं, जुने घाला म्हणून. ऐकायचं नाही." मला तेव्हा वाटलं, कसली कटकटी बाई आहे. एवढा मोठा माणूस नापास झाला आणि ही बुटांवरून बोलतेय. आता आरामखुर्चीत बसून मी तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो. तो काही आठवेना. आवाज आठवत होता. त्या आवाजात राग जितका असायला हवा होता तितका नव्हता, हे माझ्या लक्षात यायला मधे अख्खी नोकरी जावी लागली.

नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे मी गेलो नाही. तो बायकोला ओळखतो, आणि ओळखीचा माणूस गाडीबद्दल सांगता सांगता दुसरंच काही सांगून बसतो. पुलापलीकडे एक अनोळखी गॅरेज होतं, पत्र्याचं छप्पर, दारात जुन्या टायरांची उतरंड. मालक पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, आणि कुठल्याही बाजूने पडायचं नाही असा त्याने जन्माला येतानाच पण केलेला असावा. "ऑइल कधी बदललंय, काका?" त्याने विचारलं. कधीच नाही, म्हटलं, कंपनी म्हणते आजन्म चालतं. "कुणाच्या जन्माचं म्हणते?" तो गंभीरपणे म्हणाला. मी म्हटलं, "मग बदलावं?" "तसं बघितलं तर बदलावं." "माझा मेव्हणा म्हणतो, जुन्या गाडीचं बदललं तर गिअरबॉक्स बसतो." "तसं बघितलं तर तेही खरं." एवढ्या दोन वाक्यांत तो कुठल्याही खात्याचा सचिव झाला असता. मग त्याने चष्मा पुसला आणि आपली रीत सांगितली. मशीन लावून सगळं ऑइल एकदम धुऊन काढणारे लोक असतात, तो त्यातला नव्हे. तळाचा बोल्ट सोडायचा, आपखुशीने जेवढं येईल तेवढं येऊ द्यायचं, साधारण निम्मं येतं, निम्मं आतच लपून बसतं. जेवढं आलं तेवढंच नवं घालायचं आणि आठवडाभर गाडी फिरवून परत यायचं. पुन्हा तेच. दोन-तीन खेपांत जुन्याला कळू न देता नवं होतं. "म्हाताऱ्या माणसाचं बिऱ्हाड हलवतो ना आपण, तसं. एकेक पेटी." मला ते पटलं. मुख्य म्हणजे त्याला गचक्याबद्दल शंका नव्हती.

पण बोल्ट सोडण्याआधी तो गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. मी टायरांपाशी उभा राहून वाट बघितली. इतकी उत्कंठा मला आमच्या मुलीच्या निकालाचीही नव्हती. तो आला, उतरला, दार लावलं. "गचका काही सापडला नाही," तो म्हणाला. "तो सारखा देत नाही ना," मी म्हणालो. "मग कधी देतो?" "मी चालवतो तेव्हा," मी म्हणालो, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं. त्यालाही ऐकू आलं असावं. पण तो म्हणाला, "गाड्या ओळखतात माणसं," आणि पाना शोधायला वळला. फार भला माणूस.

गाडी उंच चढवून त्याने खाली एक रुंद तसराळं ठेवलं आणि पान्याने बोल्ट सैल केला. मी वाकून बघत होतो. मला ते काळं बघायचं होतं. ते डांबरासारखं यावं, त्याला जळका वास यावा, गॅरेजवाल्याने नाक मुरडून 'काय हे काका' म्हणावं आणि मी खजील व्हावं, इतकी जय्यत तयारी मी मनात केली होती. बोल्ट निघाला आणि ऑइलची धार लागली. लाल. सरबतासारखी, आरपार दिसणारी, एकसारखी धार. तसराळ्यात पडताना ती इतकी सुंदर दिसत होती की आम्ही दोघं काही वेळ नुसते बघत राहिलो. मग त्याने बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. "काका, चेष्टा करता का गरिबाची?" "का?" "ऑइल नवं आहे हे." त्याने बोल्ट पुसून माझ्यापुढे धरला. "हा खालचा वायसर बघा, चकचकीत. आणि एकदा बदलून इतकं स्वच्छ येत नाही, मघाशी सांगितलं ना. कुणीतरी माझ्यासारख्यानेच आठवड्या-आठवड्याने दोन-तीनदा बदललंय. गाडी आणखी कोण वापरतं?" "बायको," मी म्हणालो. "मग त्यांना विचारलंत का?" "विचारतो," मी म्हणालो.

तसराळ्यात शेवटचे थेंब पडत होते. प्रत्येक थेंब पडताना एक बारीक वर्तुळ उठायचं आणि कडेला जाऊन विरायचं. मला ती दिसली. दवाखान्याचा पांढरा कोट पिशवीत घालून असल्याच कुठल्या तरी गॅरेजच्या बाकावर बसलेली, पर्स मांडीवर, गुडघे जुळवून. ऑइल बदललं, गाडी घेऊन घरी आली, किल्ली खुंटीला लावली. मग पुढे कधीतरी आम्ही कुठेसे निघालो, मी चालवत होतो, आणि ती माझ्या शेजारी बसून समोरच्या सिग्नलकडे बघत होती. श्वास घेऊन, धरून. गचका बसला. मला तेव्हा तो जाणवलाही नसेल, तिला जाणवला. पुन्हा गॅरेजला गेली, की बाबा अजून जुनं आत असेल, आणखी एकदा बदल. पुन्हा माझ्या शेजारी बसली. पुन्हा गचका. म्हणजे माझ्या आधी तिने गिअरबॉक्सवर आळ घेतला होता, माझ्याहून जास्त आशेने घेतला होता, आणि तो निर्दोष सुटला हे तिला केव्हाचं कळलं होतं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा मोठ्या अधिकाराने 'गिअरबॉक्स' म्हणालो, तेव्हा ती 'हो का' म्हणाली. तिसऱ्या 'हो का'चा अर्थ मला गॅरेजमध्ये, मान वर करून गाडीच्या पोटाकडे बघताना लागला, आणि मानेत कळ आली. "हेच परत भरू का?" गॅरेजवाला विचारत होता. "फेकायचं म्हणजे जिवावर येतं." मी म्हटलं, "नको. नवं घाला." घरी जाऊन एक तरी गोष्ट खरी सांगता यावी, एवढाच त्यात हेतू होता.

परत येताना मी माझी परीक्षा घेतली. रेडिओ बंद केला, काच वर करायचा प्रयत्न केला, पाठ ताठ केली आणि पहिल्यांदाच खाली लक्ष ठेवून गाडी हाकली. पुलावर ठीक होतं. वळणावर ठीक होतं. मी स्वतःवर खूश होऊ लागलो होतो, आणि परीक्षार्थी खूश होऊ लागला की काय होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. शाळेच्या रस्त्यावरच्या पट्ट्यांपाशी एक बाई बाबागाडी ढकलत उतरली. ती काही अचानक उतरली नाही, रीतसर उतरली, थांबून, बघून. मी पायाला सांगितलं. पाय निघाला. निघताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला घासली, गाडीने पुढे हुंदका दिला, आणि मग पाय ब्रेकवर पोचला. गचका बसला. चाकं पांढऱ्या पट्ट्यावर थांबली, पट्ट्याच्या अलीकडे नव्हे. बाईने माझ्याकडे कपाळाला आठी घालून बघितलं, माझे पांढरे केस बघितले, आठी जरा सैल केली आणि बाबागाडी पुढे ढकलली. झालं काहीच नाही. गाडीत नवं ऑइल होतं. त्या बाईने राग धरला असता तर बरं झालं असतं. तिने माझी समजूत घातल्यासारखं बघितलं, ते मला घरापर्यंत पुरलं. उरलेला रस्ता मी इतका सावकाश आलो की एका सायकलवाल्याने मला मागे टाकताना मान तुकवली.

बायको जेवणाच्या टेबलावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो. "काय म्हणाला?" तिने विचारलं. "कोण?" "ज्याच्याकडे गेला होतात तो. हाताला वास येतोय." मी हात टेबलाखाली घेतले. "ऑइल खराब झालं होतं," मी म्हणालो. "काळंकुट्ट." ते काळं असणं शक्य नाही हे जगात चारच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतली दोन आपापल्या गॅरेजमध्ये होती. उरलेली दोघं एका टेबलाशी बसून एकमेकांच्या मोज्यांकडे बघत होती. तिचा हात थांबला. मग तिने एका मोज्यात दुसरा मोजा घालून त्याची गुंडाळी केली आणि बाजूला ठेवली. "बदललंत?" "बदललं." "बरं केलंत." थोड्या वेळाने मी घसा साफ केला. "तो म्हणत होता, नवं ऑइल आहे तोवर गाडी एकाच माणसाने चालवावी. गिअरबॉक्सला पायाची सवय लागते म्हणे. आज हा पाय, उद्या तो पाय, असं झालं की त्याचा गोंधळ उडतो." "असं म्हणाला?" "तसं बघितलं तर असंच म्हणाला." "मग कुणी चालवायची?" "तू हळू चालवतेस," मी म्हणालो. ती माझा सदरा झटकत होती. तिने तो नुसताच समोर धरून ठेवला, त्यामुळे तिचा चेहरा मला पुन्हा एकदा बघायला मिळाला नाही. सदऱ्यामागून आवाज आला, "किती दिवस?" मी म्हटलं, "त्याने काही सांगितलं नाही." "आणि तुम्ही विचारलं नाहीत." "नाही." "तुमच्या त्या पायाचं मात्र उद्या विचारू," ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत. चांगले आहेत, बोलतात कमी." मी म्हटलं, "जाऊ." सदरा खाली आला, त्याची घडी झाली, बाह्या आत गेल्या.

संध्याकाळी आम्ही मेव्हण्याकडे जाऊन आलो. जाताना-येताना तिनेच चालवली, आणि वाटेतले सगळे सिग्नल असे गेले की जणू रस्त्याला उतार असावा आणि गाडीला तो पाठ असावा. मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचल्या. कित्येक नवी दुकानं झाली होती. घराखाली तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि सीटखालच्या खटक्याकडे हात नेला. ती माझ्याहून वीतभर बुटकी आहे. इतकी वर्षं तिने गाडी नेली की परत आणून लावताना ती सीट न चुकता माझ्या मापाला मागे सरकवून ठेवायची. तिची सीट माझ्या वाट्याला कधी आलीच नाही, त्यामुळे हे काम कुणी करतं हेही माझ्या ध्यानात नव्हतं. "राहू दे," मी म्हणालो. तिचा हात खालीच राहिला. "उद्या बसलात की गुडघे आपटतील तुमचे," ती म्हणाली. "नाही आपटणार," मी म्हणालो.  मग तिने हात वर घेतला, किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली.